आम्ही झाडं मोजली आणि त्यांचे देव झाले

डहाणूहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मॅडम, चिकू आणले का?" आणले होते. ते जाधव सरांनी गाडीतच संपवले, आणि तो विषय मी इथंच मिटवते. बाकी काय झालं ते मात्र सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी कोल्हापुरात एका शाळेत इतिहास शिकवते. जाधव सर त्याच शाळेत विज्ञान शिकवतात. आमचं भांडण जुनं आहे आणि ते तासांवरून आहे. त्यांचा प्रयोग अर्धवट राहिला की माझा तास जातो. एकदा शिक्षकखोलीत सगळ्यांदेखत हा गृहस्थ मला म्हणाला, "मॅडम, पानिपत आज नाही झालं तर उद्या होईल, आमचं द्रावण थांबत नाही." त्यानंतर मी त्यांच्याशी महिनाभर फक्त सूचनाफलकावरून बोलत होते.

अशा आम्हा दोघांनाच एका संस्थेनं २०१८ च्या दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यात धाडलं. हवामान का बिघडतंय आणि माणसानं नीट कसं राहावं, हे मुलांना कळायचं तर इतिहास आणि विज्ञान एकाच तासात, दोन शिक्षकांनी मिळून शिकवावं, असा त्या संस्थेचा विचार. विचार चांगला होता. माणसं निवडताना त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांचा सल्ला घेतला, तिथं सगळं फसलं. मुख्याध्यापकांना आठवडाभर शांतता हवी होती.

धडा झाडावर होता. सरांनी टेपनं बुंध्याचा घेर मोजायचा, त्यावरून वय काढायचं, झाडानं आजवर हवेतला किती कार्बन डायऑक्साइड पोटात घेतला ते सांगायचं. मग मी विचारायचं, हे रोप होतं तेव्हा गावात काय चाललं होतं? लावलं कोणी? पाऊस तेव्हा कसा पडायचा? मी सोपं करून "धूर" म्हणायची, की सर लगेच दुरुस्ती करायचे, "धूर नव्हे मॅडम." गाडी कर्जत ओलांडेपर्यंत मी ही दुरुस्ती मोजत होते, मग सोडून दिलं.

डहाणू रोड

स्टेशनाजवळच्या लॉजवर उतरलो. खाली हॉटेलवाला एकाला गुजरातीत चहा सांगत होता, दुसऱ्याकडून हिंदीत पैसे घेत होता आणि आमच्याशी मराठीत बोलत होता, तेही एकाच श्वासात. मी मिसळ मागितली. आली ती गोडसर होती, वर शेव आणि बाजूला पाव. मी पिशवीतून कांदा-लसूण चटणीची बरणी काढली. ही बरणी मी हिमालयातसुद्धा नेली होती. सर म्हणाले, "परक्या गावात पहिल्याच दिवशी असं करू नये." मी त्यांच्याही ताटलीत चमचाभर घातली, तेव्हा गप्प खाल्लं.

पहिला धडा तिथल्याच एका शाळेत होता. आवारात मोठा वड. सरांनी मुलांना घेऊन वडाला टेप गुंडाळली आणि घाईघाईत जमिनीत रुतलेल्या पारंब्याही टेपच्या आत घेतल्या. मग पाराशेजारी ठेवलेल्या फळ्यावर गुणाकार केला. मी उत्तर बघितलं.

"सर, हा वड सातवाहनांच्या आधीचा निघतोय."

"आकडा म्हणजे आकडा, मॅडम. इतिहासानं जुळवून घ्यावं."

"मग लावला कोणी? आदिमानवानं?"

"ते शोधणं तुमचं काम. माझं काम संपलं."

पोरं आमच्याकडं एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती, टेनिसच्या सामन्याला बसल्यासारखी. शेवटी पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, पाराला पाटी आहे. शाळेचा पाया घातला त्याच दिवशी लावलाय." आम्ही दोघं त्या पाटीला पाठ लावूनच उभे होतो. तिथल्या मुख्याध्यापिकांनी आम्हाला फार चांगला चहा पाजला आणि पुढच्या प्रवासासाठी शुभेच्छा जरा लवकरच दिल्या.

घोलवड

पुढचा मुक्काम तलासरीकडच्या एका पाड्यावर होता, पण मध्ये अर्धा दिवस मोकळा होता म्हणून घोलवडला गेलो. आमच्याकडं ऊस बघून डोळे तयार झालेले, तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिकूच चिकू. झाडं ठेंगणी, गर्द, आणि खाली सावली इतकी गार की रानात आहोत की घरात ते कळेना. एका वाडीत बायका फळं निवडत बसल्या होत्या. लहान एकीकडं, मोठी दुसरीकडं, आणि डागी फळं आमच्याकडं. वाडीवाल्या काकी गुजराती मिसळून म्हणाल्या, "बेन, खाऊन तर बघा, पछी बोला." मी एक खाल्ला. सरांनी किती खाल्ले ते मी मोजलं नाही, कारण मोजणं हे त्यांचं काम.

खाता खाता मी सहज म्हटलं, "चिकू मूळचा इथला नव्हेच. समुद्रापलीकडून, पार अमेरिकेकडून आलेला."

सर थांबले. "मग इथं रुजला कसा?"

"ते तुम्ही सांगा."

त्यांनी खाली बसून मातीची ढेप चुरगळली, खारा वारा, ओल, उन्हाळा असं काय काय सांगत गेले. मी मध्येच जहाजं आणि व्यापारी घालत होते. निवडणाऱ्या बायका ऐकायला लागल्या. अर्ध्या तासानं आमच्या ध्यानात आलं की आपण भांडलो नाही. दोघंही जरा ओशाळलो. परतताना सर म्हणाले, "काल गोंधळ का झाला सांगू? तुम्ही एका झाडाबद्दल बोलत होता, मी दुसऱ्याच. उद्या झाडांना सरळ नंबर घालू." बाजारात त्यांनी गेरू घेतला. या भागात घरांच्या भिंती गेरूनं सारवून वर पांढरी चित्रं काढतात, त्यामुळं आपण अगदी स्थानिक साहित्य वापरतोय, याचा त्यांना केवढा आनंद झाला. त्या आनंदात मीही सामील होते, हे कबूल करायला हवं.

पाडा

तलासरीच्या फाट्यावर आम्हाला न्यायला जयवंती आली होती. ही त्या पाड्यावरच्या शाळेतली शिक्षिका, वय असेल तिशीचं. त्याच पाड्यावरची लेक, तिथंच शिकली, तिथंच शिकवते. फाट्यावर एकजण मडक्यात कोंबून भाजलेल्या शेंगा आणि कंद विकत होता. त्याला तिकडं उंबाडियू म्हणतात. आमच्या हुरड्याची आठवण झाली, फक्त इथं ओव्याचा पाला जास्त. जयवंतीनं द्रोण भरून घेतला आणि चालता चालता आम्हाला तिची खरी गोष्ट सांगितली.

"मॅडम, भात कापून झालं की आमची माणसं वीटभट्टीवर जातात. सगळं घरच जातं, पोरांसकट. पार पावसाच्या तोंडाला परत येतात. पोरगं एकदा भट्टीवर गेलं की शाळेतून गेलं. दोन वर्षं मी घरोघर फिरले. म्हाताऱ्यांच्या पाया पडले. पोरांना आजीपाशी ठेवा, मी बघते म्हटलं. यंदा कशीतरी हो म्हणालीत. रविवारी भट्टीचा ट्रक येणार. त्या दिवशी पोरं खाली राहिली तर माझी शाळा राहिली."

त्या दिवशी गुरुवार होता.

दुपारी जयवंतीला तालुक्याला मीटिंगला जावं लागलं. जाताना म्हणाली, "मी येईपर्यंत मुलांना गोष्टी सांगा. मोठं काही काढू नका." आम्ही हो म्हटलं. तिची पाठ वळली आणि सरांनी पिशवीतून गेरूचा डबा काढला.

ती दुपार मात्र फार सुंदर गेली, खोटं कशाला बोलू. पोरं आम्हाला घेऊन पाडाभर हिंडली. आंबा, चिंच, मोह, साग, जांभूळ, जे झाड दिसेल त्याला सर टेप लावायचे आणि पोरं गेरूनं नंबर घालायची. सरांनी नमुना म्हणून काठीएवढा शेवगाही मोजला. एका उत्साही टोळीनं तर विजेच्या खांबालाही नंबर घातला. मी दारोदार विचारत होते, "हे झाड कोणत्या साली लावलं?" उत्तर सगळीकडं एकच, "म्हायत नाय." शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बारकीबाईंच्या दारात थोरला आंबा होता. त्यांनीही तेच सांगितलं, "म्हायत नाय," आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी सरांना म्हटलं, "इथं तोंडी इतिहास मिळणं अवघड दिसतंय." सर म्हणाले, "म्हणूनच टेप लागते."

शुक्रवार सकाळ

सकाळी शाळेत गेलो तर एक पोर नाही. वर्ग मोकळे, घंटा बडवून झाली, कोणी नाही. फक्त चुलीवर खिचडी रटरटत होती आणि बारकीबाई ती ढवळत होत्या.

"पोरं कुठं?" मी विचारलं.

"नाय येयाची." त्यांनी डाव थांबवला नाही. "तुमी झाडां मोजली. आकडे घातले. पलीकडं मोठ्या रस्त्याला झाडांना असेच आकडे घातले, मंग झाडां गेली. कोण रस्त्याचा येतो, कोण रेल्वेचा येतो. मोजणी करून जातो. तुमी पण मोजणीवाले. मास्तर बनून आलात."

आम्ही दोघं तसेच पाड्याकडं निघालो, आणि पहिल्याच वळणावर सर जागच्या जागी थांबले.

कालचं नंबर एकचं झाड, म्हणजे साग. आकड्यावरून शेंदराचा जाड थर चढला होता. पुढं नारळ फोडलेला, उदबत्ती लावलेली, बुंध्याभोवती तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. पुढची चिंच, तीच गत. मोह, जांभूळ, सगळे देव. शेवग्यालासुद्धा शेंदूर होता, त्या बिचाऱ्याला पेलतही नव्हता. आणि विजेच्या खांबापुढं नारळ, झेंडूची दोन फुलं आणि हळद. शेजारच्या घरातले काळूदादा खांबाला हात जोडून उभे होते.

"अहो, हा खांब आहे," सर म्हणाले.

"नंबर हाय ना त्याला," काळूदादा म्हणाले. "खांब नेला तं लाईट जाईल."

सर विज्ञाननिष्ठ माणूस. त्यांच्या घरात सत्यनारायणही होत नाही. आणि आता एकाच दुपारी त्यांनी स्वतःच्या हातानं पाडाभर देव बसवले होते. चूक आपली, तर निस्तरायलाही आपणच हवं, असं म्हणत त्यांनी रुमाल ओला केला आणि आंब्यावरचा नंबर पुसायला गेले. तेवढ्यात मागून बारकीबाई आल्या.

"देवाला उष्ट्या फडक्यानं पुसता?"

"बाई, काल इथं देव नव्हता."

"देव काय, पयल्यापासून होता. शेंदूर तुमच्यासाठी लावला. तुमाला दिसावा म्हणून."

सरांनी रुमाल खिशात घातला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही दाबायची पाळी होती. कारण वाटेवरून जयवंती येताना दिसली. तिला फाट्यावरच सगळं कळलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आंब्याखालच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "आता सगळी म्हणतायत, रविवारी पोरं घेऊन जातो. शाळेतच मोजणीवाले येतात, तर पोरं कोणाच्या भरवशावर ठेवायची? मॅडम, मी दोन वर्षं पाया पडत होते."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. सरांचीही मान खाली होती.

रमणच्या अंगणात

संध्याकाळी जयवंती आम्हाला रमणच्या अंगणात घेऊन गेली. शेंदराची युक्ती याच रमणची. पाड्यावर त्याचा शब्द चालतो. त्याची मुलगी संगीता सातवीत. बायको देवकी चुलीपाशी होती, तिनं पाणी आणून ठेवलं आणि परत आत गेली. अर्धा पाडा जमला होता. मी बोलायला उठले, तर जयवंतीनं पदर ओढून बसवलं. "भाषण नको, मॅडम."

रमण सरांना म्हणाला, "मोजणीवाला टेप सोडत नाय. तुमी मास्तर असाल तं टेप द्या."

ती टेप सरांना विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळालेली. कोल्हापुरात ते ती वर्गातल्या मुलांच्याही हातात देत नाहीत. त्यांनी ती मुकाट्यानं रमणच्या हातात ठेवली. रमण उठला, अंधार पडायच्या आत बारकीबाईंच्या आंब्याकडं गेला आणि तोरणासारखी फांदीला बांधून आला. "देवाची झाली," तो म्हणाला. सरांनी मला हळूच विचारलं, "परत मिळते का अशी?" मी नाही म्हटलं.

जमाव जरा सैल झाला. पण बारकीबाईंचं मन अजून भरलं नव्हतं. त्या सरांच्या पुढ्यातच बसल्या. "तुमी आंबा मोजला ना? तो कोणी लावला, विचारलात? सासऱ्यानं लावला. मी लगीन होऊन आले तवा माझ्या कमरेएवढा व्हता. त्या साली पाऊस नाय झाला. विहिरीचा तळ दिसला. आमी तांदूळ धुतलेलं पाणी घालून जगवला. आणि तुमी दोन मिनिटांत टेप लावून मोकळे."

मी कान टवकारले. काल याच बाई मला "म्हायत नाय" म्हणाल्या होत्या. तेवढ्यात चिंचवाला पुढं सरसावला. चिंच त्याच्या आजीनं रुजवली, तेव्हा ओहळ होळीपर्यंत वाहायचा, पोरं त्यात खेकडे धरायची. मोहवाल्यानं त्याला अडवलं, होळीपर्यंत नाय, पार आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत वाहायचा. आता दिवाळीलाच कोरडा. साल कोणीच सांगत नव्हतं, पण कोणाचं लग्न, कुठला दुष्काळ, कोणती विहीर, सगळं एकापुढं एक बाहेर पडत होतं. प्रत्येकाला आपलं झाड आमच्यापासून वाचवायचं होतं. मी आयुष्यभर ज्या इतिहासासाठी झुरले, तो माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून सांगितला जात होता.

मी जयवंतीच्या कानात म्हटलं, "उद्या धडा हाच. पोरांनी विचारायचं, मोठ्यांनी सांगायचं. त्यांची झाडं, त्यांच्या तोंडानं. आम्ही गप्प बसू."

"तुम्ही गप्प?" तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. दिवसभरात पहिल्यांदा ती हसली. मग तिनं अंगणातल्या सगळ्यांना सांगितलं, "उद्या शाळा आंब्याखाली. ज्याला आपल्या झाडाची काळजी, त्यानं यावं. पोरांना घेऊन यावं."

रात्री बारकीबाईंकडं जेवलो. तांदळाची भाकरी, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी. मी माझी बरणी पुढं केली आणि इशारा दिला, जपून, कोल्हापुरी आहे. बारकीबाईंनी बोटभर चाटली, विचार केला आणि म्हणाल्या, "बरी हाय. लसूण जास्त." सर भाकरीत तोंड खुपसून हसत होते.

शनिवार, आंब्याखाली

पाडा आला. आमच्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, झाडावर पाळत ठेवायला आला, पण आला. सरांपुढं मोठा प्रश्न होता, टेप देवाची झालेली, घेर मोजायचा कशानं? देवाला दोरी लावू देईनात, काठी लावू देईनात. शेवटी जयवंती म्हणाली, "देवाला मिठी मारायला कोणाची ना नाही." मग पोरांनी हाताला हात धरून आंब्याला कवेत घेतलं, आणि तिथंच भांडण लागलं. चिंचवाल्यांचं म्हणणं, आंब्याला बारकी बारकी पोरं लावली, म्हणून तो जाड दिसतो. आमच्या चिंचेलाही तीच पोरं लावा. सरांनी नियम केला की सगळ्या झाडांना तीच पोरं. त्यामुळं तीच चार पोरं पाडाभर पळत होती आणि मागून आपापल्या देवाची बाजू घेणारी माणसं.

मग पोरांनी विचारलं आणि मोठ्यांनी सांगितलं. संगीतानं बापाला उभं केलं. "आपला जांभूळ कोणी लावला?" रमण म्हणाला, "माझ्या बापानं." छाती पुढं काढून म्हणाला. देवकी मागं बायकांत बसली होती. ओहळाची गोष्ट सगळ्या झाडांत येत होती, आणि पोरांनी ती मातीत काडीनं ओळीनं मांडली. आधी आखाजीपर्यंत वाहणारा, मग होळीपर्यंत, मग आता. सर बघत राहिले. मग त्यांनी पाऊस, ऊन, तापलेली हवा समजावली आणि म्हणाले, "हवेतला धूर झाड खातं."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान फिरवली.

काळूदादांनी हट्टानं खांबाचाही इतिहास सांगितला. पाड्यावर पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा म्हातारी माणसं त्याच्यापुढं बसून राहिली होती, असं म्हणाले. सर अडखळले. "दादा, हा जो देव आहे ना, हा धूर खात नाही. याची वीज दगडी कोळसा जाळून येते. सगळ्या देवांत हा एकच धूर करणारा."

काळूदादा विचारात पडले. "मंग शेंदूर काढू?"

"राहू द्या," सर म्हणाले. "निदान दिवा जपून वापराल."

लोक हसले, पण रमण हसला नाही. त्यानं विचारलं, "भट्टीचा धूर खायाला किती झाडां लागतील?"

सरांनी मातीत आकडेमोड केली, पुसली, परत केली. "एका भट्टीला तुमच्या पाड्यातली सगळी झाडं मिळून पुरणार नाहीत," ते म्हणाले.

मग संगीतानंच विचारलं, "सर, त्या विटा कोणाच्या घराला लागतात?" त्या पाड्यावर सगळी घरं कुडाची होती. सरांनी गेल्याच वर्षी दोन मजली बंगला बांधलाय. ते म्हणाले, "आमच्या घराला, बाळ." मला त्यांचा राग यायचा तो त्या क्षणी सगळा गेला. हवामानाचा सगळा धडा त्या पोरीच्या एका प्रश्नात होता. भाषण तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं. जयवंतीला शब्द दिला होता.

रविवार

ट्रक सकाळीच आला. आम्हालाही त्याच सकाळी निघायचं होतं. भांडी, गोधड्या, कोंबड्या, तांदळाची गोणी, एकेक घर चढत होतं. शनिवारी माणसं आंब्याखाली हसली होती, पण पोरांचं काय, ते कोणीच बोललं नव्हतं, आणि जयवंतीनं विचारलंही नव्हतं. ती शाळेच्या पायरीवर उभी होती. हात घट्ट बांधलेले. मी शेजारी उभी राहिले.

काही पोरं आजीच्या हाताला धरून खाली उभी होती. पण रमणनं संगीताला उचलून ट्रकात बसवलं, आणि ते बघून आणखी दोघातिघांनी आपापली पोरं वर घेतली. जयवंतीनं श्वास सोडला. मला तिच्याकडं बघवेना.

संगीता गोधडीवर बसून बापाला म्हणाली, "आपल्या जांभळाशी कोण राहील?"

"आजी हाय."

"आजीला ऐकू येत नाय. खरे मोजणीवाले आले तं त्यांना कोण सांगणार?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रमणनं एकदा जांभळाकडं बघितलं, एकदा पोरीकडं, आणि तिला काखेत धरून खाली उतरवलं. मग मागच्यांनीही उतरवली. "आमच्या चिंचेशी पण कोणतरी पायजे," एकजण म्हणाला. बघता बघता पोरांची रांग खाली उभी राहिली, आपापल्या झाडाच्या बाजूनं.

जयवंती डोळे पुसत म्हणाली, "शाळेसाठी नाही ठेवली. झाडासाठी ठेवली. मला चालतंय." जाधव सर चष्मा पुसत होते, आणि बराच वेळ पुसत होते.

ट्रक हलला. धूळ उडाली. तेवढ्यात मागच्या फळीवर देवकी उभी राहिली. चार दिवसांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. एका हातानं तिनं दोर धरला होता, दुसऱ्या हातानं पदर, आणि ती पोरीला ओरडून सांगत होती, "संगे, आजानं नुसता लावला. पाणी मी घातलं. सात उन्हाळे मी घातलं. ते पण सांग."

ट्रक वळला तरी तिचा हात वर होता. संगीता जांभळाला टेकून उभी होती. ती ओठांतल्या ओठांत घोकत होती, "लावला आजानं, पाणी आयेनं."